काहीही घालून या

"काहीही घालून या गं, घरचंच तर आहे," असं फिलो म्हणाली आणि माझा अख्खा डिसेंबर नासला.

फिलो म्हणजे फिलोमिना. ऑफिसात आमची टेबलं शेजारी. पंधरा वर्षं तिच्या डब्यातली सुकी मच्छी खाऊन मी तिला बदल्यात थालीपीठ दिलंय, त्यामुळे नाताळला तिच्या घरी, विरारजवळच्या नंदाखालला, जायचं हे ठरलेलंच होतं. फक्त ते 'काहीही' मला नको होतं. 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेल्या लग्नाला आपण पर्समध्ये पाकीट घेऊन जातोच ना, असू दे जवळ म्हणून? 'काहीही घालून या' त्याच जातीचं वाक्य आहे. त्यावर विश्वास ठेवणारी बाई फोटोत शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे दिसते.

संध्याकाळपर्यंत आमच्या 'लंच टाइम' ग्रुपवर शुभांगीचा मेसेज आला : थीम लाल-हिरवी. लूक स्टायलिश पण कम्फर्टेबल. खाली सांताची सहा तोंडं.

आता माझ्या मालकीचा सगळ्यात कम्फर्टेबल पोशाख म्हणजे गाऊन. सुती, फुलाफुलांचा, उजव्या बाजूला खिसा असलेला. त्यावर ओढणी टाकली की मी पूर्ण वेशात असते. ह्या वेशात मी कुरियर घेतलं आहे, सोसायटीच्या सेक्रेटरीशी पाण्यावरून भांडले आहे आणि एकदा, पोलिओचे डोस देणारी माणसं दारात आली तेव्हा, एका नगरसेवकाबरोबर फोटोतही आले आहे. पण तो स्टायलिश आहे असं माझी आईसुद्धा म्हणणार नाही. उलट जे जे स्टायलिश म्हणून मी आजवर घेतलं, त्यात एक तर बसता येत नाही, नाही तर बसल्यावर उठता येत नाही.

तरी लाल-हिरवं म्हटल्यावर मला आधी हायसंच वाटलं. माझं अर्धं कपाट त्याच दोन रंगांचं आहे. चुडा हिरवा, डोहाळजेवणाची साडी हिरवी, आणि सतरा वर्षांच्या हळदीकुंकवांतून गोळा झालेले लाल ब्लाउजपीस तर इतके की त्यांचा मंडप होईल. हिरवी पैठणी, लाल पदर. सांताने पाहिली असती तर त्यानेच घडी मागितली असती. मी ती काढली, ब्लाउज चढवायला गेले आणि दंडापाशी अडकले.

आमच्या टेलरताई ब्लाउज उलटा करून दिव्यासमोर धरून म्हणाल्या, "ताई, ह्याची माया तुमच्या नणंदेच्या लग्नात उसवली. मग मुंजीला उसवली. आता ह्यात माया शिल्लक नाही." शिवणीतल्या जादा कापडाला मराठीत माया म्हणतात हे ज्याने ठरवलं, त्याचंही कुठलं तरी माप वाढलेलं असणार.

शेवटी लाल ब्लाउजपीसांतलाच एक शिवून घेतला आणि आरशासमोर उभी राहिले. लेक दारातून बघत होती.

"आई, तू गौरीसारखी दिसतेस."

"खरंच?"

"मखरातल्या. कौतुक नाही केलं."

मग तिने तिच्या फोनवर 'ख्रिसमस पार्टी आउटफिट्स' दाखवले. एकेका फोटोत एकेक सडपातळ मुलगी, अंगात लोकरीचा स्वेटर, गुडघ्यापर्यंत बूट, हातात वाफाळता मग, आणि खिडकीबाहेर बर्फ. बोरिवलीत आमच्या खिडकीबाहेर त्या वेळी शेजाऱ्यांची चादर वाळत होती आणि तापमान होतं ३२. आमच्याकडे डिसेंबरात पंखा चारवरून दोनवर येतो, एवढाच हिवाळा. पण फोटो बघून बघून माणसाची मती फिरते. रात्री दहापर्यंत मला मनापासून वाटायला लागलं होतं की नंदाखालला बर्फ पडला तर आपण उघड्यावर पडू.

नवऱ्याने ह्यात एवढीच भर घातली की सांताचा लाल कोट कोकाकोलाने शिवला. लेकीने तिथल्या तिथे शोधून सांगितलं की कोकाकोलाच्या त्या प्रसिद्ध जाहिराती १९३१ पासूनच्या, आणि लाल कोटातला सांता त्याच्याही आधी चित्रांत होताच. "म्हणजे रंग जुनाच आहे," तो म्हणाला, "मग तुझा तो लाल पंजाबी ड्रेस घाल ना." ह्या माणसाकडे सणाचे म्हणून दोन झब्बे आहेत आणि दोन्ही पांढरे आहेत. त्याच्याशी काय बोलायचं!

तर वांद्र्याचा हिल रोड. दुकानाचं नाव सांगत नाही. तिथल्या मुलीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदाच पाहिलं आणि एक मखमली ड्रेस काढला. रंग डाळिंबी, लांबी गुडघ्याच्या खाली चार बोटं, पाठीला चेन, बाह्यांवर टिकल्या. हँगरवर तो फार खानदानी दिसत होता. ट्रायल रूम म्हणजे एक कपाट होतं, त्याला दाराऐवजी पडदा, आणि पडदा दोन्ही कडांना एकाच वेळी पोचत नव्हता. मी डावी बाजू झाकायची की उजवी ह्याचा निर्णय घेत असतानाच चेन पाठीच्या मध्यावर येऊन थांबली.

"मॅम, कपडा नंतर सैल होतो," पडद्याबाहेरून आवाज आला.

"नंतर म्हणजे कधी?"

"घालून घालून."

घालून घालून सैल होणारा कपडा आधी घालायचा कसा, हा प्रश्न मी विचारला नाही. किंमत २,४९९. पुढे तिने आतून घालायचं एक साधन दाखवलं. शेपवेअर. दिसायला सायकलच्या ट्यूबसारखं, वेगळे ८९९. पोट आत जातं म्हणाली. जातं खरं, पण ते कुठे जातं ह्याचा त्यांनी विचार केलेला नाही. माझं पोट पाठीकडून वर आलं.

२५ तारखेला दुपारी एकपासून तयारी. ट्यूबमध्ये शिरायला वीस मिनिटं आणि लेक. चेन लावायला नवरा. ती मध्यावर आली आणि पुन्हा थांबली. आईला फोन लावला, ती म्हणाली, "दातांना मेणबत्ती घास." कोणाच्या दातांना हे नवऱ्याने विचारलं. मग त्याने देवघरातली, दिवे गेल्यावर लावायची ती मेणबत्ती आणली, चेनीच्या दोन्ही बाजूंना वर-खाली नीट घासली, डाव्या हाताने कापड एकत्र धरलं, उजव्या हातात पक्कड घेतली, पक्कडीत ते चेनीचं इवलंसं जीभेसारखं पान पकडलं आणि मला म्हणाला, "श्वास सोड." मी सोडला. चेन सर्रकन मानेपर्यंत गेली. तो श्वास परत घ्यायला मला जागा उरली नाही हे आमच्या दोघांच्याही नंतर लक्षात आलं.

बसल्यावर ड्रेस कसा दिसतो ते पाहायचं राहिलं होतं. तो प्रश्नच आला नाही, कारण विरार लोकलमध्ये बसायला मिळत नाही.

मीरा रोडला एक बाई चढल्या. त्यांची जाळीची ओढणी, माझ्या टिकल्यांची बाही. भाईंदरच्या खाडीवर वारा आला आणि आमचा विवाह लागला. मी हात ओढला तर त्या कळवळल्या, "ओढू नका हो, नणंदेची आहे!" एक टिकली सोडवावी तर तिच्या शेजारची धाग्यात जाई. नायगाव गेलं, वसई गेलं. डब्यातल्या सगळ्यांनी सल्ले दिले. एकीने तर निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवून दोन टिकल्या सोडवल्या. शेवटी क्लिपा आणि कानातली विकणारी एक मुलगी गर्दीतून वाट काढत आली, तिच्याकडून वीस रुपयांना नेलकटर घेतलं आणि माझ्या बाहीच्या चार टिकल्या कापून आम्ही विलग झालो. पैसे मी दिले. नेलकटर त्या घेऊन नालासोपाऱ्याला उतरल्या.

विरारहून रिक्षा. रस्ता वाड्यांमधून जातो. दोन्ही बाजूंना केळी, मधूनच एखादी विहीर, आणि घरोघरी दारात कागदी तारे. माझ्या मखमलीच्या आत तोवर मे महिना सुरू झाला होता.

फिलोच्या अंगणात मांडव होता, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि जमीन होती मातीची. माझ्या सँडलच्या टाचा होत्या तीन इंच. मी एक पाऊल टाकलं की टाच आत जायची आणि पुढचं पाऊल टाकण्याआधी मागचं उपटावं लागायचं. भाताच्या आवणीला निघाल्यासारखी मी त्या घरात प्रवेश केला. पुढे शुभांगी होती. तिने रिक्षात घोकलेलं "विशिंग यू अँड युवर फॅमिली अ व्हेरी मेरी ख्रिसमस" फिलोच्या काकांना घडघडा म्हणून दाखवलं. काका म्हणाले, "नाताळच्या शुभेच्छा! बसा, बसा. उन्हातून आलात, आधी पाणी घ्या." २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष असलेल्या फादर दिब्रिटोंचं हे गाव, आणि आम्ही तिथे इंग्रजी घेऊन गेलो होतो. बरं, 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीजांचाच. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. त्यांचा नाताळ राहिला, पाव राहिला आणि पगारही राहिला. त्यातला पगार मी नुकताच अंगावर चढवून आले होते.

फिलो आतून आली. सुती कुडता, सपाता, केस वर बांधलेले, हाताला मैदा. माझ्याकडे पाहून म्हणाली, "अगं बाई! कुठे पुढे जायचंय का तुला?"

आणि फिलोची आई. वय ८२. लाल लुगडं, कासोटा घातलेलं, पोलकं, अनवाणी. ह्या भागातल्या सामवेदी ख्रिस्ती घरांतल्या जुन्या बायकांचं हे रोजचं नेसणं. आमच्या ग्रुपने तीन आठवडे ज्या लाल रंगासाठी डोकं फोडलं, तो ही बाई धुऊन वाळवून, गुडघ्यावर कोपर टेकवून, पाटावर उकिडवी बसून मिरवत होती आणि पुढ्यातल्या कढईत फुगे सोडत होती. मैद्याचे, आंबवलेले, तळले की टम्म. मी त्यांच्याकडे आपुलकीने पाहिलं. आम्ही एकाच परिस्थितीतून जात होतो.

नातवंडं तिच्याशी कादोडीत, त्यांच्या घरच्या बोलीत, काही तरी बोलली आणि खिदळली. मला कळलं नाही, पण बोट माझ्या बाहीच्या टक्कल पडलेल्या भागाकडे होतं.

जेवण मी चमच्याने, उभ्याने, पाखरासारखं घेत होते. कोंबडीचं इंद्याल होतं. आंबट, तिखट, व्हिनेगरचा वास नाकातून थेट मेंदूत. ते फुग्यात बुडवून खायचं. दोन फुग्यांवर मला थांबायला हवं होतं. तिसऱ्यावर मी स्वतःला बजावलं. चौथा काकांनी आग्रह करून वाढला. तेवढ्यात पोरांनी हात धरून त्यांनी केलेली गव्हाणी दाखवायला नेलं. कोपऱ्यात पेंढा, मातीच्या गाई, पुठ्ठ्याच्या डोंगरावर कापसाचा बर्फ. म्हणजे बर्फ शेवटी पडला होता! बाळ येशू बघायला मी कौतुकाने खाली वाकले.

आवाज मोठा झाला नाही. मेणबत्ती चांगली लागली असावी. चेन मानेपासून कमरेपर्यंत अगदी निगुतीने, एकेक दात सोडत उघडत गेली आणि माझ्या पाठीला अंगणातला वारा लागला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

मी मेंढपाळांच्या रांगेत तशीच वाकून राहिले. मागून कोणी तरी टॉवेल टाकला. फिलोची आई. "उठ बाय," म्हणाली, "आणि आधी श्वास घे." मला आतल्या खोलीत नेलं, लोखंडी कपाटातून एक कपडा काढून हातात दिला आणि दार ओढून घेतलं.

घडी उलगडली. सुती. फुलाफुलांचा. उजव्या बाजूला खिसा.

ट्यूब काढून मी पर्समध्ये कोंबली, गाऊन घातला आणि आजींच्या सुनेने दिलेली ओढणी खांद्यावर टाकली. बाहेर आले तेव्हा कोणी वळूनही पाहिलं नाही. सँडल पायरीपाशी काढून ठेवले, आजींच्या शेजारी पाट ओढून बसले आणि पुढचे फुगे किती खाल्ले ते इथे सांगत नाही. दोन खिशात घेतले होते एवढं सांगते. मग पोरांनी मराठी नाताळगीतं म्हटली, काका नाचले, शुभांगीला तिच्या हिरव्या जंपसूटमध्ये बाथरूमला जायला अर्धा तास लागला, पण ती हकिकत तिची आहे.

फोटोत मी पहिल्या रांगेत आहे, मधोमध, तोंड भरलेलं. लेकीने तो पाहून पाठवलं, "आई हे कुठून घेतलंस? मस्त ओव्हरसाइज्ड फिट आहे." मी तिचा मेसेज अजून जपून ठेवलाय.

ड्रेस फिलोकडेच राहिला. आजी म्हणतात, मखमल चांगली आहे, पुढच्या वर्षी गव्हाणीच्या मागे पडदा करू. करा म्हटलं. गाऊन मी धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. ईस्टरला नेऊन देईन म्हणते. फिलोने बोलावलंच आहे. काय घालून येऊ ते मी ह्या वेळी विचारलेलं नाही.