स्नेहमेळावा बिघडू नये म्हणून

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्या घाईत उघडलेल्या एखाद्या कॉलेजच्या पहिल्या बॅचमध्ये तुम्ही असाल, तर अभिनंदन. तुम्ही १९८७ साली पास झालात (केट्या, म्हणजे राहिलेले विषय, धरून १९८९), आणि आता तुमच्यापाशी रिकामा वेळ, एक धड गुडघा आणि व्हॉट्सअॅप एवढं सगळं आहे. जुनी मैत्री टिकवायला याहून जास्त काही लागत नाही. थोडी पथ्यं मात्र पाळावी लागतात.

ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात आणि तुमचा वर्ग होता ६० जणांचा. तरीही ग्रुप तीन हवेत. एक मूळ, दुसरा निवडणुकीच्या निकालाच्या रात्री तणतणत बाहेर पडलेल्यांचा, आणि तिसरा ‘फक्त मैत्री, राजकारण नको’ असा, ज्यात आधीच्या दोन्हींतलं राजकारण फॉरवर्ड करता येतं. कुणाच्या घरी दुःखद घटना घडली तर वरच्याने लिहिलेलं खाली जसंच्या तसं चिकटवा. त्यात शुद्धलेखनाची चूक असेल तर तीही राहू द्या. ती सुधारली तर वरच्याचा अपमान होतो.

स्नेहमेळाव्याची तारीख अमेरिकेतल्या मित्राच्या विमानाच्या तिकिटावरून ठरवा. सांगलीहून एसटीने येणाऱ्याला नंतर कळवलं तरी चालतं, त्याला सवय आहे. भेटल्या भेटल्या डोक्यावर एकही केस न उरलेल्या गृहस्थाला त्याच्या नातवादेखत ‘ए झिपऱ्या’ अशी हाक मारा. ‘सध्या कुठे असतोस?’ हे विचारायला हरकत नाही. ‘कसा आहेस?’ हे मात्र विचारू नका. एखादा खरंच सांगत बसतो, आणि तोवर स्टार्टर संपतात.

मग आठवणी. आमचं कॉलेज पत्र्याच्या शेडमध्ये होतं, पाऊस आला की सरांचा आवाज बंद व्हायचा, वर्कशॉपमध्ये लेथ एक आणि तिच्याभोवती २० जण. त्या वेळी याच गोष्टीवरून आपण संप केला होता आणि वडिलांनी कॅपिटेशन फी भरायला शेत विकलं म्हणून रात्री झोप लागत नव्हती, हे बोलायचं नाही. आता त्याला ‘ते मंतरलेले दिवस’ म्हणतात. वर्गात दोन मुली होत्या. चार वर्षांत त्यांच्याशी एक वाक्य न बोललेले ५८ जण आता त्यांचे जिवलग मित्र आहेत, तेव्हा त्यांनाही आग्रहाने बोलवा, पण माइक देऊ नका. आम्ही दिला. त्यांना कँटीनचा वडा आठवत नव्हता, गॅदरिंग आठवत नव्हतं. लेडीज टॉयलेट तिसऱ्या वर्षी बांधलं, तोवर शेजारच्या वस्तीत एका मावशींच्या घरी जावं लागायचं, हे दोघींनाही लख्ख आठवत होतं. त्या मावशींचं नावसुद्धा. सूत्रसंचालकाने ताबडतोब अंताक्षरी जाहीर केली. प्रसंगावधान असावं तर असं.

सगळ्यात हुकमी किस्सा जीटीचा, म्हणजे ग्लास ट्रेसिंगचा. पुढच्या पिढीला समजावून सांगा: होस्टेलच्या दोन कॉटांच्या मधे काच टाकायची, खाली उघडा बल्ब, वर कुणाची तरी झालेली ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी, आणि टू-एच पेन्सिलीने पहाटेपर्यंत गिरवायचं. एका सबमिशनला मूळ शीटवर नकल जॉइंटची, म्हणजे दोन दांडे जोडणाऱ्या सांध्याची, टेपर पिन काढायचीच राहिली, म्हणून सगळ्या वर्गाचा जॉइंट पिनेवाचून सरांपुढे गेला. पहिल्या मेळाव्यात अशा शीट्स १२ होत्या. मागच्या खेपेला ४१ झाल्या. आकडा वाढतोय याची काळजी करू नका, किस्सा तब्येतीने चांगला आहे एवढाच त्याचा अर्थ. मूळ शीट आपलीच होती असं सांगणारेही आता चार आहेत. त्यांचं खरं-खोटं करू नका. अमेरिकेतल्याने तर ती फ्रेम करून ठेवल्याचं सांगितलंय, आणि तिकिटाचे पैसे खर्चून आलेल्या माणसाला तेवढी मोकळीक द्यावी.

आमची चूक एवढीच झाली, की आम्ही निवाडा करायला गेलो. कोपऱ्यात तो बसला होता, चार वर्षं पहिल्या बाकावर बसणारा, ज्याचा नंबर ग्रुपमध्ये निम्म्या लोकांकडे नाव न घालताच सेव्ह आहे. शीट याचीच असणार, असं कुणीतरी म्हणालं. टाळ्या झाल्या. त्याला ओढून उभं केलं, खांद्यावर शाल टाकली. तो म्हणाला, ‘माझी नव्हती रे. मला दाराखालून सरकवलेली मिळाली. मीपण गिरवलीच. मला वाटायचं, तुमच्यातल्याच कुणाची तरी असेल.’

असा माणूस तुमच्याही बॅचमध्ये असेल, तर त्याला आधी जेवायला बसवा.