म्हशीची धार कोण काढणार?

साथीच्या दिवसांत गावात टेस्ट कोण टाळणार हे ओळखायला आरोग्य केंद्राचं रजिस्टर चाळावं लागत नाही. कुणाच्या दावणीला दुभतं जनावर आहे आणि धार काढणारं माणूस घरात एकच आहे, ते बघा.

2020-21 च्या कोरोना साथीत आपल्या सातारा-सांगलीकडं "लोक अडाणी, ऐकतच नाहीत" हे पालुपद सगळ्यांनी लावलं. मला ते कधीच पटलं नाही. लोकांना सगळं कळत होतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की दारावर कागद लागतो आणि कागद लागला की दूध संकलन केंद्रावर किटली घेत नाहीत, हेही कळत होतं. दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतं आणि तेव्हाच्या नियमानं विलगीकरणही दहा दिवसांचं. म्हणजे अख्खं एक बिल गेलं. पुन्हा म्हैस दोन वेळा पिळावीच लागते, नाहीतर कासेला दगडी होते, म्हणजे कास सुजून कडक होते. परक्या हाताला ती पान्हाही लवकर सोडत नाही. मग साधा ताप "हवा बदलली" म्हणून पॅरासिटामॉलवर दाबला जातो आणि माणूस पहाटे सहाला किटली घेऊन रांगेत उभा राहतो.

गंमत अशी की धोका दुधात नव्हताच. हा विषाणू श्वासातून पसरतो, आणि दूध घरी उकळतंच. धोका होता संकलन केंद्राच्या दहा बाय बाराच्या बंद खोलीत, दुधाचं फॅट मोजून होईपर्यंत खेटून उभ्या राहिलेल्या पंधरा माणसांत. शटर आणि मागची खिडकी दोन्ही उघडी ठेवायची, किटली उंबऱ्यावर ठेवून माणसानं बाहेर थांबायचं, फॅट आणि दर मोबाईलवर पाठवायचा. बाधित घराचं दूध शेजाऱ्यानं आणलं तर घ्यायचं. एवढं केलं असतं तर निम्मी लपवालपवी थांबली असती.

दुसरा घोळ दिवस मोजण्याचा. रुग्णाचे दहा दिवस पहिल्या लक्षणापासून धरायचे आणि त्यातले शेवटचे तीन दिवस ताप नको, असा गृह विलगीकरणाचा नियम होता (जानेवारी 2022 मध्ये दहाचे सात झाले). गावोगावच्या समित्यांनी रिपोर्टच्या तारखेपासून मोजलं. लक्षण आल्यावर दोन दिवसांनी स्वॅब, आणखी दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट, म्हणजे दहाचे चौदा-पंधरा झाले. फुकट कोंडलेला माणूस पुढच्या वेळी टेस्टला येत नसतो. घरातल्या बाकीच्यांचे विलगीकरणाचे चौदा दिवस तेव्हा शेवटच्या संपर्कापासून सुरू व्हायचे, हे तर बहुतेकांना सांगितलंच नाही. रुग्ण त्याच माजघरात झोपत असेल तर ते चौदा दिवस सुरूच झालेले नसतात.

दोन खोल्या आणि एक संडास असलेल्या घराला शाळेतलं विलगीकरण हाच मार्ग. पण तिथं रिपोर्टची वाट बघणारे आणि पॉझिटिव्ह आलेले एकाच वर्गात टाकले, तर निरोगी माणूस आजार घेऊन घरी जातो. दोन वर्ग वेगळे, दोन संडास वेगळे, खाटांत सहा फूट अंतर, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. वारा नसेल तर टेबलफॅन खिडकीत, तोंड बाहेरच्या बाजूला करून लावायचा, म्हणजे खोलीतली हवा बाहेर फेकली जाते. आपण तो पेशंटकडं तोंड करून लावतो आणि एकाचा श्वास सगळ्यांना वाटतो. आणि संडासाला आतून कडी, रात्री दिवा. या दोन गोष्टी नसतील तर बायका शाळेत राहायला येत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

जंतुनाशकाच्या फवारणीवर फार लिहीत नाही. तासगावकडं द्राक्षबागेचे ब्लोअर, म्हणजे औषध फवारायची यंत्रं, रस्त्यावरून फिरले, फोटो झकास आले. रस्त्यावरच्या धुळीत आणि उन्हात क्लोरीन लगेच मरतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मे 2020 मध्येच रस्त्यावरची फवारणी निरुपयोगी असल्याचं सांगितलं होतं. टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, वापरायचीच तर संडास, नळाची तोटी, दाराची कडी इथं. चांगली, 33 टक्क्यांची पावडर लिटरला 30 ग्रॅम घेतली की साधारण एक टक्क्याचं द्रावण होतं. दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग पुसायचं. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली पावडर पावसाळ्यात मरते, तिच्यात नुसता चुना उरतो. संडास धुण्याच्या ॲसिडात तर ती कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

ब्लोअरच्या डिझेलमध्ये काही ऑक्सिमीटर आले असते. तेही वापरता यायला हवेत म्हणा. पाच मिनिटं बसून राहायचं, बोट कोमट करायचं, नेलपॉलिश पुसायचं. खुरप्यानं घट्टे पडलेल्या तर्जनीपेक्षा मधलं बोट घ्यावं. हात छातीच्या उंचीवर टेकवून किमान एक मिनिट थांबायचं. पहिला आकडा लिहायचा नाही, पाच सेकंद स्थिर राहिलेला लिहायचा. आकडा बरा दिसला तरी सपाट जमिनीवर सहा मिनिटं चालवायचं, साठीच्या पुढं तीन मिनिटं. चालल्यावर 93 च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त उतरला, की गाडी काढायची. बसल्या जागीच धाप लागत असेल तर चालवून बघायचं नाही, सरळ दवाखाना. दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर जपायचं, कारण माणूस बोलतो-चालतो, जेवतो आणि ऑक्सिजन मात्र खाली गेलेला असतो. ऑक्सिजन नीट असताना "लवकर बरं वाटावं" म्हणून स्टिरॉइड सुरू करायचं नाही. त्याचा फायदा ऑक्सिजन लागलेल्यांनाच होतो, हे जून 2020 मध्येच स्पष्ट झालं होतं. मधुमेह्यांत तर त्यानं साखर भडकते, आणि पुढं काळी बुरशी आपण पाहिलीच.

आता आकड्यांचं. जून 2021 मध्ये पॉझिटिव्हिटी (शंभर टेस्टमागं पॉझिटिव्ह किती) आणि भरलेले ऑक्सिजन बेड यांवर निर्बंधांसाठी जिल्ह्यांचे पाच स्तर ठरले. बेड मोकळे असले तर 10 ते 20 टक्के पॉझिटिव्हिटी म्हणजे चौथा स्तर, 5 ते 10 म्हणजे तिसरा. हजार टेस्टमध्ये 150 पॉझिटिव्ह, म्हणजे 15 टक्के. त्यात बाजारपेठेतल्या ठणठणीत हजार जणांच्या अँटिजेन टेस्ट मिसळा, दहा सापडले समजा. आता दोन हजारांत 160, म्हणजे आठ टक्के. साथ तिथंच आहे, स्तर मात्र उतरला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पूर मोजायची पट्टी अशी वाकवता येत नाही म्हणून आपला तिच्यावर विश्वास आहे. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, सांगलीत पोराटोरांना पाठ. साथीची तशी पट्टी म्हणजे रोज नव्यानं ऑक्सिजनवर गेलेले रुग्ण. पण ती उशिरा वाढते. कोयनेतून किती सोडलं हे आधी कळतं, तसं गावात आधी कळतो ताप. आशाताईंच्या वहीत या आठवड्यात तापाची घरं किती आणि मागच्या आठवड्यात किती होती, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लिहा. त्याला ना किट लागतं ना लॅब.

आणि त्याच वहीत आणखी तीन रकाने आत्ताच आखून ठेवा, साथ नसताना: दुभती जनावरं किती, धार काढणारी माणसं किती, आणि बदली कोण. बदली माणसानं महिन्यातून दोन-चारदा त्या गोठ्यात धार काढावी, म्हणजे म्हशीला हात ओळखीचा होतो. उसाला रात्रीच्या लाईटवर दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला, कोण जाणार, हा चौथा रकाना. भावकीत वाकडं असेल तर बदली माणूस भावकीबाहेरचा लिहा.