'कोटी मिळतात की, अजून काय पाहिजे?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

जवानांच्या पत्नींच्या कागदपत्रांच्या अडचणींवर लिहिलेल्या मागच्या लेखावरची तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की शहीद जवानाच्या घरच्यांना कोटी-दीड कोटी मिळतात, पेट्रोल पंप मिळतो, पोरांचं शिक्षण फुकट होतं, तरी मी रडगाणं गातोय. वर सून पैसे घेऊन माहेरी जाते आणि म्हातारे आईबाप तसेच राहतात. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की आमचा शेतकरी गेला तर त्याच्या बायकोला काय मिळतं? कमेंटखाली दोन ओळीत उरकण्यासारखे हे मुद्दे नाहीत म्हणून सविस्तर लिहितोय.

आकडे खोटे नाहीत. केंद्राचं सानुग्रह अनुदान, म्हणजे एकरकमी मदत, 2016 पासून 25 लाखांपासून 45 लाखांपर्यंत आहे, आणि आपल्या राज्याने 2019 ला स्वतःची रक्कम 25 लाखांवरून 1 कोटी केली. पण ही 1 कोटीची रक्कम लढताना वीरमरण आलेल्यांसाठी आहे, नोकरीत असताना गेलेल्या प्रत्येक जवानासाठी नाही. फरक इथंच पडतो. जवान कसा गेला हे कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे लष्कराच्या चौकशीत ठरतं, त्यावरून केस कुठल्या वर्गात बसते ते ठरतं आणि त्यावरून बाईची पेन्शन ठरते.

समजा शेवटचा पगार 40 हजार होता. शत्रूशी किंवा दहशतवाद्यांशी लढताना गेला तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे पूर्ण 40 हजार. ड्युटीवर गाडी दरीत गेली, किंवा सेवेमुळेच झालेल्या आजारात गेला तर स्पेशल, 60 टक्के, म्हणजे 24 हजार. आणि मृत्यूचा सेवेशी संबंध नाही असं लिहिलं गेलं तर साधी फॅमिली पेन्शन, पहिली दहा वर्षं 20 हजार आणि नंतर 12 हजार. वर महागाई भत्ता सगळ्यांनाच. 40 आणि 12 मधलं अंतर बघा तुम्ही. गावात तिघांचंही पार्थिव तिरंग्यातच येतं, तिघांसाठीही 'अमर रहे'चे बॅनर लागतात, आणि मग लोक तिघांच्याही घराकडे बोट दाखवून म्हणतात, ह्यांना कोटी मिळाले.

चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांचं तर अजून वेगळं. 48 लाखांचा विमा आहे, सेवेमुळे मृत्यू झाला तर 44 लाख सानुग्रह आहे, पण घरच्यांना दरमहा पेन्शन नाही. बुलढाण्याच्या अग्निवीर अक्षय गवतेचा ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनला मृत्यू झाला तेव्हा पेपरात चार दिवस यावर चर्चा झाली, नंतर सगळे विसरले. एकरकमी आकडा मोठा दिसतो हो, पण घरात मिळवतं माणूस तेवढंच असेल तर पुढची तीस वर्षं त्याच पैशावर काढायची असतात.

पेट्रोल पंपाचं सांगतो. 1999 ला कारगिलनंतर तिथं वीरमरण आलेल्यांच्या घरच्यांना पंप आणि गॅस एजन्सी दिल्या, तेव्हापासून ते लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. आज जवान गेला म्हणून कोणी पंप आणून देत नाही. आरक्षण आहे, पण त्यासाठी जाहिरात निघावी लागते, पात्रतेचं सर्टिफिकेट लागतं, जागा लागते आणि पंप उभा करायला स्वतःचे पैसेही लागतात. शिक्षणाचंही तसंच, केंद्राची फीची सवलत 1971 च्या युद्धानंतर आली, 2017 ला तिच्यावर महिना 10 हजारांची मर्यादा घातली आणि आरडाओरड झाल्यावर 2018 ला ती काढावी लागली. फुकट म्हणता ते सुद्धा असं भांडून टिकवावं लागलंय.

आता कागदांचं, कारण माझा मूळ लेख त्यावरच होता. मोहोळ तालुक्यातली एक ताई माझ्याकडे कॅरीबॅगमध्ये कागद घेऊन आल्या होत्या. नवऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डला त्यांचं नाव माहेरचं, आधारला सासरचं, बँकेत स्पेलिंग तिसरंच, आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरी. लग्न झाल्यावर युनिटमध्ये त्याची नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर निघते, त्यात जे चुकीचं पडलं ते नवरा असेपर्यंत कोणी बघितलंच नाही. मग प्रतिज्ञापत्र करा, तलाठ्याचा दाखला आणा, एका कार्यालयात साहेब नाहीत, दुसरीकडे पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर ओटीपी येतो तो दिवंगत नवऱ्याच्या मोबाईलवर, आणि ते सिम बंद पडलेलं. ह्या बाईला कोटी मिळाले म्हणून सगळं गाव बोलत होतं आणि ती दुकानात उधारीवर तेल-साखर आणत होती. हे मी डोळ्यांनी बघितलंय. याला तुम्ही रडगाणं म्हणता, ते मला पटत नाही.

सुनेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. आईबापांची आबाळ होते हे खरं आहे. 2024 ला सियाचीनला वीरमरण आलेल्या कॅप्टन अंशुमान सिंग यांच्या आईवडिलांनी वारसाचे नियम बदला अशी जाहीर मागणी केली, ती चर्चा व्हायलाच हवी, अवलंबून असलेल्या आईबापांचा वाटा नियमातच ठरलेला असावा असं माझंही मत आहे. पण म्हणून पंचवीस वर्षांच्या पोरीने आयुष्यभर गावाच्या नजरेखाली राहायचं का? नोव्हेंबर 2017 पर्यंत शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या पत्नीने दुसरं लग्न केलं तर पदकाचा भत्ता बंद व्हायचा, चालू ठेवायचा तर लग्न दिराशीच करायचं. सरकारने ती अट काढली, आपल्या गावातून मात्र ती अजून गेलेली नाही.

शेतकऱ्याबद्दल तुम्ही बोललात ते शंभर टक्के बरोबर. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी 1 लाख, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेव म्हणून, आणि तेही समितीने केस पात्र ठरवली तर. ही रक्कम लाजिरवाणी आहे. पण दादा, तिथंही भांडण पात्र-अपात्रचंच आहे, इथंही तेच. या दोन बायका एकमेकींच्या विरोधात नाहीत, एकाच तहसीलच्या व्हरांड्यात बसलेल्या असतात. एकीचं वाढवा म्हणायला दुसरीचं जास्त झालं असं म्हणायची गरज नाही.

तुमच्या गावात असं कुटुंब असेल तर तीन गोष्टी विचारून घ्या: पेन्शन कुठल्या प्रकारची मंजूर झालीय, रेकॉर्ड आणि आधारवरचं नाव एक आहे का, आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला कोण भरून देतं. चुकीच्या वर्गात टाकलं असं वाटत असेल तर अपील करता येतं, तिथं नाही झालं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबईत खंडपीठ आहे. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जा, जाताना सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. आणि कागद बघायला कोणी हवं असेल तर ब्लॉगवर माझा मेल आहे, रविवारी मी घरीच असतो.