‘चोरून’ या एका शब्दाबद्दल – ‘एक सोलापूरकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक सोलापूरकर’,

धर्म बदलणाऱ्यांची कागदपत्रं आणि त्यांची नातीगोती यांवर मी लिहिलेल्या लेखाखाली परवा तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून ती जशीच्या तशी देतो : “तुमच्यासारख्या दलालांमुळेच पोरं बिघडतात. धर्म बदलायचा तर बाबासाहेबांसारखा उघड बदलावा. घरच्यांपासून चोरून धर्म बदलणारा माणूस कुठल्याच धर्मात विश्वासाला लायक नाही. विशेष विवाहाला दोघांचाही रहिवास लागतो हे लिहिलंत तेही चूक. आरक्षणाचं आणि जमिनीच्या वाट्याचं काय होतं त्यावर मूग गिळून गप्प. आपल्या सोलापुरात असली थेरं चालत नाहीत.”

रहिवासाचं तुमचं बरोबर आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात, म्हणजे धर्म न बदलता सरकारी नोंदणीने लग्न करता येतं त्या कायद्यात, दोघांपैकी एकजण नोटीस देण्याआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहत असला की पुरतं. मी ‘दोघांनी’ लिहिलं होतं, ते काल रात्रीच दुरुस्त केलं. चूक दाखवलीत, आभार मानतो. पण चूक दाखवायला ‘दलाल’ म्हणायची काय गरज होती? दलाल दोन्हीकडून पैसे घेतो आणि माल खपवतो. मी सतरा वर्षं सोलापुरात लोकांची प्रतिज्ञापत्रं, नावबदल, विवाहनोंदणी ही कामं करतोय. बौद्ध झालेल्यांचे कागद केले, ख्रिस्ती झालेल्यांचे केले, मुसलमान झालेल्यांचे केले, आणि पुन्हा हिंदू धर्मात आलेल्यांचेही तितक्याच काळजीने केले. कोणाला धर्म बदल म्हणून सांगितलं नाही, बदलू नको म्हणूनही सांगितलं नाही. श्रावणात दर सोमवारी मी सिद्धेश्वराच्या देवळात असतो. हे मला इथे लिहून सिद्ध करावं लागतंय याचं वाईट वाटतं. समोर बसून बोलत असतो तर तो शब्द तुमच्या तोंडून निघाला नसता, अशी माझी समजूत आहे.

आता ‘चोरून’.

हा शब्द तुम्ही ज्यांच्याबद्दल वापरलात त्यांचे कागद कसे होतात ते आधी बघा. प्रतिज्ञापत्रात जुनं नाव, नवं नाव, जुना धर्म, नवा धर्म, धर्म स्वीकारल्याची तारीख, पूर्ण पत्ता आणि ‘कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने’ असं वाक्य असतं. सोबत त्या त्या संस्थेचा दाखला : दीक्षेचं प्रमाणपत्र, बाप्तिस्म्याचा दाखला, पुन्हा हिंदू होताना मिळणारं शुद्धीचं पत्र, जे असेल ते. मग शासनाच्या राजपत्रात, भाग दोनमध्ये, ही नोंद नावानिशी छापून येते. राजपत्र कोणालाही वाचता येतं. विशेष विवाहाची नोटीस तर कार्यालयाच्या फलकावर ३० दिवस लागलेली असते. येणारा-जाणारा तिचा फोटो काढतो आणि संध्याकाळपर्यंत तो गल्लीतल्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. त्या नोटिशीवर हरकत कशावर घेता येते? वय, आधीचा नवरा किंवा बायको हयात असणं, संमती देण्याची मानसिक क्षमता आणि निषिद्ध नातं, एवढ्यावरच. ‘मुलगी दुसऱ्या धर्मातली आहे’ ही कायद्यात हरकत नाही, तरी तीच घेऊन लोक येतात. ज्या माणसाचं नाव सरकारी राजपत्रात छापलं जातं त्याला चोर कसं म्हणायचं? घरच्यांना सांगितलं नाही एवढ्यावरून?

घरच्यांना का सांगत नाहीत, तेही ऐका. सांगितल्यावर बहुतेक घरांत पहिल्यांदा कपाटाला कुलूप लागतं. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रकं, आधार, बँकेचं पासबुक, सगळं आत. दुय्यम दाखला काढायचा तर शाळेत अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि खेटे. दुसरी अडचण मोबाइलची. आधारला जोडलेला नंबर पुष्कळदा वडिलांचा असतो. मुलगी किंवा मुलगा ऑनलाइन अर्ज भरतो आणि ओटीपी वडिलांच्या फोनवर जातो. कितीतरी घरांत बातमी अशी फुटते, सांगायची वेळ यायच्या आधीच. म्हणून मी लेखात लिहिलं होतं की सर्वात आधी आधार केंद्रावर स्वतः जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. त्याला वेगळं कागदपत्र लागत नाही, बोटांचे ठसे पुरतात. तुम्ही हे वाक्य ‘पळून जायची शिकवणी’ म्हणून वाचलंत बहुतेक. सज्ञान माणसाने स्वतःच्या आधारला स्वतःचा नंबर जोडणं ही पळवाट कशी होते, ते मला कळलेलं नाही.

कुलूप लागल्यावर पुढचं पाऊल म्हणजे पोलिसात मिसिंगची तक्रार. माणूस सज्ञान असला तर पोलीस त्याला बोलावतात, ‘मी माझ्या मर्जीने आहे’ असा जबाब घेतात आणि तक्रार तिथे संपते. वय १८ च्या आत असेल तर सगळंच वेगळं. तिथे अपहरणाचा गुन्हा लागू शकतो, आणि तो लागायलाही हवा. लेखात हे ठळक अक्षरात होतं. तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही.

आणि घरी सांगूच नका असं मी कुठे लिहिलंय? लेखाचा मोठा भाग कसं सांगावं यावरच होता. सणावाराला नको, पाहुणे बसलेले असताना नको. आधी घरातल्या एकाला, बहुधा आत्या, मावशी किंवा थोरल्या दाजींना विश्वासात घ्यावं, आणि मग आईवडिलांना त्यांच्या उपस्थितीत सांगावं. दत्तजयंतीला, नवरात्राला आपण काय करणार आणि काय करणार नाही हेही त्याच बैठकीत बोलून घ्यावं. आरतीला उभं राहणार का, प्रसाद घेणार का, बहिणीच्या लग्नात अक्षता टाकणार का. हे प्रश्न लहान वाटतात, पण पुढची वीस वर्षं भांडणं यांवरूनच होतात. आरतीला उभं राहणं म्हणजे धर्म सोडल्याचं नाटक, असं कोणी म्हणेल. माझ्या मते ज्याला उभं राहावंसं वाटतं त्याला राहू द्यावं, ज्याला नको त्याला बाहेरच्या खोलीत बसू द्यावं, आणि दोघांनाही नंतर एकाच पंगतीला बसवावं.

न सांगण्याचं नुकसान मला ठाऊक नाही असं समजू नका. ते मयताच्या दिवशी कळतं. माणूस गेला, बायको म्हणते पुरायचं, भाऊ म्हणतो जाळायचं, आणि दवाखान्याच्या दारात दोन्हीकडची माणसं उभी. म्हणून आपली अंत्यविधीची इच्छा लिहून ठेवा, त्यावर दोन साक्षीदार घ्या, एक घरातला आणि एक नव्या धर्मातला, आणि एक प्रत घरातच ठेवा, असं मी सांगतो. भांडण हमखास मिटेल अशी हमी तो कागद देत नाही, पण थोरल्यांच्या हातात काहीतरी पडतं. साक्षीदार दोन्हीकडचे घ्यायचं कारण तेच : एकाच बाजूच्या सह्या असल्या की दुसरी बाजू कागदच खोटा म्हणते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण तुमच्या बाजूचं आहे, ते मीच देतो. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि पत्नी लक्ष्मीबाईंना ते आधी सांगितलं नव्हतं. त्या माउलीने पुढची चार-पाच वर्षं काय सोसलं ते मराठी वाचकाला सांगायला नको. त्यातला काही काळ त्या आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात होत्या. टिळकांचं ते न सांगणं मला आजही पटत नाही. पण म्हणून टिळक ‘विश्वासाला लायक नाहीत’ असं म्हणणारे किती मराठी वाचक तुम्हाला सापडतील? लक्ष्मीबाईंनी स्वतः तसं म्हटलं नाही. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो त्यांच्या मनाने आणि त्यांच्या वेळेला.

राहिले बाबासाहेब. त्यांचं नाव तुम्ही काठीसारखं वापरलंत, हे मला सर्वात जास्त लागलं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात घोषणा, मे १९३६ मध्ये मुंबईत महार परिषद घेऊन समाजासमोर खुलासेवार मांडणी, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा. मध्ये एकवीस वर्षं. त्या एकवीस वर्षांत त्यांच्यामागे वर्तमानपत्रं होती, पक्ष होता, कायद्याचं ज्ञान होतं आणि लाखो माणसं होती. तरीही त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं! विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीमागे कोण आहे? तिला ‘बाबासाहेबांसारखं उघड बदल’ म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला सिद्धेश्वर तलावात ढकलून ‘पोहून दाखव’ म्हणण्यासारखं आहे. उघडपणा हवा असेल तर आधी उघड बोलणाऱ्याला मार बसणार नाही, जेवण तुटणार नाही, नोकरीवर जाणं बंद होणार नाही, एवढी हमी घराने द्यायला हवी. ती हमी न देता उघडपणा मागणारे लोक मला समजत नाहीत. तुम्हीही त्यांतलेच आहात की काय, हे तुमच्या प्रतिक्रियेवरून ठरवणं मी टाळतो.

कायद्याचंही ऐकून घ्या. हिमाचल प्रदेशच्या २००६ च्या कायद्यात धर्म बदलण्याआधी ३० दिवस जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची सक्ती होती. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती रद्द केली. आपली श्रद्धा स्वतःपुरती ठेवण्याचाही माणसाला हक्क आहे, हे त्यामागचं एक कारण. पुढे २०१९ च्या नव्या कायद्यात तशीच अट परत आली, आणि उत्तर प्रदेशात २०२१ पासून ६० दिवस आधी कळवावं लागतं. म्हणजे हा वाद न्यायालयांत आणि विधानसभांत अजून चालू आहे. तुम्ही तो एका शब्दात मिटवून टाकलात. धर्म खरोखर बदलला की नाही हे कसं ओळखायचं, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच सांगून ठेवलंय : मनापासूनचा हेतू हवा आणि तो दाखवणारं वागणं हवं, ठरावीक विधी झालाच पाहिजे असं नाही. घरच्यांची परवानगी ही कसोटी त्यात नाही. आणि हेतू खोटा असेल तर न्यायालयं सोडत नाहीत. पहिलं लग्न न मोडता दुसरं करता यावं म्हणून धर्म बदलणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं की ते दुसरं लग्न रद्द आणि तो द्विविवाहाचा गुन्हा. अशा माणसाचे कागद मी करत नाही, दारातूनच परत पाठवतो. तुमचा राग त्यांच्यावर असता तर मी तुमच्या बरोबरीने उभा राहिलो असतो.

आरक्षणावर मी गप्प नव्हतो, तो त्या लेखाचा विषय नव्हता. थोडक्यात : १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेल्याला तो नाही. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर ठरत नाही. जमिनीचं म्हणाल तर धर्म बदलला म्हणून आईवडिलांचा वारसा जात नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ ने अडतात ती धर्मांतरानंतर जन्मलेली मुलं आणि त्यांची संतती, तीही हिंदू नातेवाइकांच्या वारशापुरती आणि वारसा उघडला तेव्हा ती स्वतः हिंदू नसतील तरच. या विषयावर इथे यापुढे वाद घालणार नाही.

शेवटचं, ‘आपल्या सोलापुरात चालत नाही’. कोणाच्या सोलापुरात? ज्या सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांमागे आपण सगळे संक्रांतीला चालतो, त्यांची शरण (लिंगायत संतांच्या) परंपरेतली कथा तुम्ही घरात ऐकली असेलच. सिद्धराम तलाव खोदण्यात, देवळं बांधण्यात गढून गेलेले असताना संत अल्लमप्रभू सोन्नलिगेत, म्हणजे तेव्हाच्या सोलापुरात, आले आणि लोकांसमोर त्यांना टोचून बोलले. खोदकाम करणाऱ्या भक्तांनी अल्लमांवर दगड उचलले. सिद्धरामांनी दगड उचलला नाही. ते ऐकत राहिले, पुढे अल्लमांबरोबर कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) गेले आणि तिथे बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून इष्टलिंगाची, म्हणजे अंगावर धारण करायच्या लिंगाची, दीक्षा घेतली. तोवरची साधना सगळ्या गावाला माहीत होती, गाव त्यांच्या शब्दावर चालत होतं, तरी त्यांनी नवी दीक्षा घेतली. त्यांना कोणी ‘बिघडलेला’ म्हटलं असेल तर ते नाव आज कोणाला आठवत नाही. त्याच गावात मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी बोलणारी घरं एका भिंतीला भिंत लावून राहतात, आणि यंत्रमागाच्या पाळीला बसताना शेजारच्याचा धर्म कोणी विचारत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त ‘दलाल’ हा शब्द तुम्ही स्वतः मागे घेतलात तर बरं वाटेल. लेखातल्या रहिवासाच्या वाक्याबरोबर आणखी एक वाक्य वाढवलं आहे : आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यामुळे प्रतिज्ञापत्र, राजपत्र, आधार, पॅन आणि मग बँक याच क्रमाने जा, आणि नव्या नावाचं स्पेलिंग पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत एकच ठेवा.