मेसरश्मिटची तोफ इंजिनाच्या पोटातून जात नव्हती

सध्या सगळीकडे फिरणारा दावा असा: जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानाच्या इंजिनाला आरपार भोक पाडलं, क्रँकशाफ्टमधून (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्यातून) तोफ डागली, १९४०मध्ये त्याच तोफेनं इंग्रजांना जेरीस आणलं, आणि हे जगात दुसऱ्या कुणालाच सुचलं नव्हतं. विमानांवर मनापासून प्रेम असल्यामुळे हे खोडून काढल्यावाचून राहवत नाही.

क्रँकशाफ्ट मुळात सरळ दांडा नसतो. जागोजागी कोपरासारखा वळलेला असतो, त्यातून सरळ नळी जाईल कशी? दोन्ही हातांची बोटं टोकाशी जुळवून छपरासारखी धरा. १०९चं डायम्लर-बेन्झचं बारा सिलिंडरचं उलटं इंजिन असंच होतं. आढ्याला क्रँकशाफ्ट, दोन्ही उतारांवर सहा-सहा सिलिंडर, आणि खालच्या बेचक्यात तोफेची नळी. विमानाच्या नाकावरच्या पंख्याचा (प्रॉपेलरचा) वेग कमी करायला पुढे गिअर होते. त्यांच्यामुळे पंख्याचा दांडा क्रँकशाफ्टच्या खाली, बेचक्याच्या रेषेत यायचा. तो पोकळ होता. गोळा त्याच्यातून, पंख्याच्या बरोबर मध्यातून बाहेर पडायचा. तोफेचा मागचा भाग थेट कॉकपिटात, वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये यायचा.

जर्मनांचं खरं कौशल्य मला दिसतं ते सुपरचार्जरच्या, म्हणजे इंजिनात दाबानं हवा भरणाऱ्या पंपाच्या, जागेत. तो त्यांनी इंजिनाच्या कुशीला बसवला, म्हणून मागची जागा तोफेला मिळाली. इंग्रजांच्या स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनात तो मागे होता, तिथे तोफ बसणारच नव्हती.

आता १९४०. ब्रिटनवरच्या लढाईत १०९च्या ‘ई’ मालिकेच्या २० मिमी तोफा पंखांत होत्या. मधली तोफ लढाईत रुळली ती पुढच्या ‘एफ’ मालिकेपासून. तीही सगळ्यांना पुरेशी वाटली नाही. नामवंत जर्मन वैमानिक अडॉल्फ गालांडनं स्वतःच्या ‘एफ’च्या पंखांत जादा तोफा बसवून घेतल्या.

या तोफेचा गोळा पंख्याच्या पात्यांना लागू नये म्हणून टायमिंग जुळवावं लागायचं, असंही कुणी म्हणतं. तेही चूक. १०९मध्ये ती भानगड इंजिनावर बसवलेल्या, पात्यांच्या मधून गोळ्या झाडणाऱ्या मशीनगनची. आणि अशी तोफ सगळ्याच जर्मन लढाऊ विमानांत नव्हती. फोके-वुल्फ १९०च्या ‘ए’ मालिकेत तर सिलिंडर वर्तुळात मांडलेलं गोलाकार इंजिन होतं, म्हणजे बेचकंच नाही.

राहिलं ‘दुसऱ्या कुणालाच’. रशियन याक लढाऊ विमानांतही तोफ पंख्याच्या मध्यातूनच डागत. फ्रान्सच्या स्पाड १२ या विमानात तर पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ३७ मिमीची तोफ अशीच होती. नामवंत फ्रेंच वैमानिक जॉर्ज गिनमेर ती घेऊन लढला. एकेका बारानंतर पुढचा गोळा त्याला हातानंच भरावा लागायचा, तोही विमान चालवता चालवता.