सॅम्पल उजव्या हातातूनच का?

नमस्कार. एक्मोवरच्या (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरून ते परत देणाऱ्या मशीनवरच्या) रुग्णाबद्दल तुमची हरकत थोडक्यात अशी: ऑक्सिजनेटरनंतरच्या (मशीनमध्ये ऑक्सिजन भरून निघालेल्या) रक्ताचा पीओटू, म्हणजे ऑक्सिजनचा दाब, ३८० आहे, पायाच्या बोटावर सॅच्युरेशन १०० दिसतंय, मग उजव्या रेडियल लाइनचा (मनगटाच्या धमनीतल्या नळीचा) हट्ट कशाला? आणि तिथला आकडा पडलाच तर मशीनचा फ्लो (रक्ताचा प्रवाह) वाढवायचा, फुफ्फुसांना आरामच द्यायचा.

३८० हा आकडा मशीन नीट चालल्याचा पुरावा आहे. ते रक्त मेंदूपर्यंत पोचतंय का, हे त्यातून कळत नाही. फिमोरल व्हीए एक्मोमध्ये (शिरेतून रक्त घेऊन मांडीच्या धमनीत परत देताना) त्या धमनीतल्या १५ ते १९ फ्रेंचच्या (फ्रेंच हे जाडीचं माप) कॅन्युलातून, म्हणजे नळीतून, रक्त महाधमनीत उलटं, खालून वर चढतं. हृदय जवळजवळ रक्त फेकतच नसेल तर ते महाधमनीच्या मुळापर्यंत जातं. हृदय सुधारू लागलं आणि फुफ्फुसं मात्र न्यूमोनियाने भरलेली राहिली, की हृदयाचा डावा कप्पा काळपट, कमी ऑक्सिजनचं रक्त पुढे ढकलतो. दोन्ही प्रवाह मध्येच कुठेतरी भिडतात. हृदयाकडचं रक्त आधी कोरोनरींना (हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना) मिळतं, मग उजव्या हाताला आणि मेंदूच्या उजव्या बाजूला, मग डाव्या कॅरोटिडला (मानेतल्या धमनीला), शेवटी डाव्या हाताला. पायाला बहुतेक मशीनचंच रक्त जातं. म्हणजे पायाचं बोट अगदी शेवटपर्यंत १०० दाखवत राहील. (प्रोब सापडेल त्या बोटाला लावायची सवय इथे फार महागात पडते.)

उजवा हातही पुरता विश्वासाचा नाही. प्रवाह महाधमनीच्या मुळाच्या जरा वर भिडत असतील तर हाताचं सॅम्पल छान येतं आणि कोरोनरींना तरीही काळं रक्तच मिळतं. म्हणून लाइनचा आलेखही वाचावा. सपाट रेघेतून नाडी उंचावू लागली, की हृदय रक्त फेकू लागलंय. कपाळावर दोन्ही बाजूंना निअर इन्फ्रारेडचे (मेंदूतल्या रक्ताचा ऑक्सिजन मोजणारे) सेन्सर असावेत. एकट्या उजवीकडचा आकडा घसरला तर संशय पक्का.

आता फ्लो. वाढवला की भेटीची जागा मुळाकडे सरकते, हे खरं. पण डाव्या कप्प्याला तेवढ्याच जास्त दाबाविरुद्ध रक्त फेकावं लागतं. तो फुगतो, झडप नीट उघडत नाही, फुफ्फुसांत आणखी पाणी साचतं आणि मूळ दुखणं वाढतं.

त्याआधी व्हेंटिलेटरवर एफआयओटू (दिल्या जाणाऱ्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) आणि पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसांत राखलेला दाब) वाढवा. हृदय रक्त फेकत असताना फुफ्फुसांना पूर्ण आराम देता येत नाही. मग इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीत) ड्रेनेज कॅन्युलाचं, म्हणजे रक्त मशीनकडे ओढणाऱ्या नळीचं, टोक पाहा. ते खालच्या महाशिरेतच राहिलं असेल तर मशीन पायांकडून परतणारं, तुलनेने लाल रक्तच पुन्हा ओढतं आणि डोक्याकडचं काळं रक्त फुफ्फुसांत जातं. टोक वरच्या महाशिरेच्या तोंडाशी न्या.

तरीही भागलं नाही तर व्हीएव्ही (रक्त धमनीत आणि शिरेत दोन्हीकडे परत देणं): परतीच्या नळीला वाय (दोन फाट्यांचा जोड) जोडून उजव्या जुगुलर (मानेतल्या) शिरेत तिसरी कॅन्युला. शिरेतला रोध कमी, त्यामुळे मोकळं सोडलं तर बहुतेक रक्त तिकडेच पळतं आणि रक्तदाब कोसळतो. शिरेकडच्या फाट्यावर स्क्रू क्लॅम्प (नळी आवळणारा चिमटा) आणि स्वतंत्र फ्लो प्रोब हवाच. क्लॅम्प फार आवळला तर रक्त साकळून गुठळी होते. हृदय पुरेसं सावरलं असेल तर मात्र सरळ व्हीव्हीवर (रक्त शिरेतून घेऊन शिरेतच परत देण्यावर) जा.