बापूची काजी आणि कलम ३६अ

बापू सावंतवाडीच्या मोती तलावाच्या कट्ट्यावर आला तो तापूनच. मोबाईलवर तोच मेसेज : 'इथलं जंगल संवर्धन राखीव झालं, आता काजूच्या बागेत पाय ठेवाल तर वनखातं धरेल.'

"अभयारण्यच ता! नाव तेवढा बदलल्यानी!"

"कलम वाचलंस?" वकीलबाईंनी चण्यांची पुडी बाजूला ठेवली. "वन्यजीव संरक्षण कायद्याचं ३६अ, संवर्धन राखीवचं. पहिलीच अट, जमीन शासनाच्या मालकीची हवी. तुझ्या काजीचा सातबारा कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"मग ती राखीवमध्ये नाहीच. खाजगी जमिनीला ३६क, समुदाय राखीव. तेही मालक आपणहून पुढे आला तर."

बापूला पटेना. बापूला तसंही सातबाऱ्याशिवाय काही पटत नाही. "पण आत जाऊक बंदी?"

"ती अभयारण्यात. तिथे कलम १९ पासून जिल्हाधिकारी हक्कांची चौकशी करतो, दावे मागवतो. आत कोणी राहायचं-यायचं ते २७(१) ठरवतं. संवर्धन राखीवला यातलं काही लागत नाही. लागतं ते मुख्यतः २७ चं पोटकलम २ ते ४, आणि ३०, ३२. वणवा लावू नका, स्फोटकं-रसायनं वापरू नका, हद्दीचा खांब हलवू नका, जनावराला छळू नका, कचरा टाकू नका. यातलं तुला नेमकं काय करायचंय?"

पक्या एवढा हसला की चणे सांडले. "खांब! बांध सरकवायची सवय आहे त्याला!"

"माझी धास्ती उलटी आहे," बाई म्हणाल्या. "अभयारण्याचं कलम २९, अधिवास मोडायला परवानगी लागते ते, इथे नाही. वन म्हणून नोंद असेल तर १९८० चा वनसंवर्धन कायदा आडवा येतो, तेवढाच आधार. शिवाय तिलारीचे २९.५३ चौरस किमी २०२० मध्ये राखीव झाले, आंबोली-दोडामार्गचे ५६.९२ पुढच्या वर्षी. पण मधले पट्टे खाजगी. कर्नाटकातून हत्ती २००२ ला उतरले, ते काय गट नंबर बघून चालतात? इथल्या वृक्षतोडीवर उच्च न्यायालयाची बंदी २०१३ ची, तरी जंगल कापून रबर लागतंच आहे. राखीवची रेघ तिथे पोचत नाही."

मास्तर इतका वेळ गप्प होते. ते चौकुळचे. "शासनाच्या मालकीची म्हणजे कुणाची, ते आधी सांगा. आंबोली, चौकुळ, गेळेत जमीन कबुलायतदार गावकरांची, म्हणजे जुन्या कराराने (कबुलायतीने) गावाकडे सामाईक असलेली. सातबाऱ्यावर मात्र महाराष्ट्र शासन लागलं."

यावर कोणी हसलं नाही. आमच्या भागात राखीववरच्या प्रत्येक भांडणाचं मूळ इथे आहे, आणि मास्तरांचा राग रास्त आहे.

"म्हणून तर घोषणेआधी स्थानिकांशी विचारविनिमय कायद्यातच लिहिलाय," बाई म्हणाल्या. "तेव्हा ग्रामसभेत लेखी हरकत आणि कबुलायतीचे कागद जोडलेला ठराव हवा. तोंडी ओरडा इतिवृत्तात येत नाही. घोषणा झाली असेल तर अधिसूचनेची अनुसूची मागा आणि एकेक सर्व्हे नंबर सातबाऱ्याशी लावून बघा. हिस्सा लिहायचा राहिला की अख्खा नंबर राखीव दिसतो. मग मोजणी मागावी लागते. आणि समिती! ३६ब. ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत राखीव आहे, त्या प्रत्येकीचा एक प्रतिनिधी. वन्यजीव संस्थांचे तीन, कृषी आणि पशुसंवर्धनचा एकेक, वनखात्याचा सदस्य-सचिव. म्हणजे पाच गावं असली तर अकरातले पाच तुमचे. नाव पाठवलंत?"

मास्तरांनी मान हलवली. नव्हतं पाठवलं.

"पाठवा. समिती मुख्य वन्यजीव रक्षकाला सल्लाच देते, हुकूम नाही. पण वणव्याच्या जाळरेषा कुठे काढायच्या, गुरांची वाट कुठली, हे तिथे बोललं नाही तर कुठे बोलणार?"

बापू एकदम ताठ बसला. "मगे आमच्या गावातसून मी जातंय समितीत."

"तू?" पक्या किंचाळला. "रस्त्याच्या समितीत होतास तेव्हा रस्ता वळून तुझ्या शेतातल्या मांगराकडे गेला!"

"खोटा! मांगर पयल्यापासून थंयच होतो, रस्तो मागसून इलो!"

मास्तरसुद्धा हसायला लागले.